कपाटाच्या काचेतला मामा

मामाचा एकही फोटो घरात नव्हता. जन्मभर कॅमेरा त्याच्याच हातात, मग त्याचा फोटो काढणार कोण? त्याला जाऊन वीस वर्षं झाली आणि हल्ली आईला त्याचा चेहराच आठवेनासा झाला. तेच ती मनाला लावून घ्यायची.

"काळजी सोड," लेक म्हणाला. जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. "आज मामाला शोधून काढतोच."

दुपारी मामा सापडलाही. आईच्या लहानपणीच्या फोटोत मागे काचेचं कपाट होतं आणि काचेत फोटो काढणारा मामा दिसत होता. तोंडासमोर मात्र कॅमेरा.

"इथेही लपलाच लबाड!" आई म्हणाली.

फोटो नीट यावा म्हणून लेकानं पुन्हा स्कॅन केला. आता कॅमेऱ्याच्या वर मामाच्या भुवया दिसल्या. तिसऱ्यांदा केला, तर डोळे दिसले. त्यानं हातातला मूळ फोटो पाहिला. त्यात कॅमेरा होता तिथंच होता.

"राहू दे रे," आई पुटपुटली.

"घाबरतेस काय? आपलाच मामा आहे."

चौथ्यांदा कॅमेरा छातीशी आला. मिशीसकट सगळा चेहरा.

"हाच माझा दादा!" आईनं स्क्रीनवरून हात फिरवला.

मोठी प्रिंट काढायची म्हणून लेकानं शेवटचा स्कॅन घेतला. कॅमेरा परत मामाच्या डोळ्याला लागला होता आणि बोट बटणावर होतं.

आईनं घाईघाईनं केस सारखे केले, लेकाला जवळ ओढलं.

"हलू नकोस. आता तो आपला काढतोय."