गुप्त पत्ता

शिवणकाम करणाऱ्या बाईने तिसऱ्यांदा घर बदललं, तरी मारकुटा नवरा आठवड्यात दारात हजर! पत्ता ठाऊक होता फक्त तिच्या संरक्षणासाठी एकत्र आलेल्या पाच खात्यांना.

“या वेळी अगदी गुप्त ठेवू, ताई,” त्यातल्याच एका खात्याचे साहेब म्हणाले. “पाच खाती सोडली तर कुणाला वाससुद्धा लागणार नाही. नवा पत्ता लिहा बिनधास्त!”

टेबलावर साहेबांनी परत पाठवायला आणलेलं कुरिअरचं खोकं होतं. त्यावरच्या नाव-पत्त्याकडे बघत तिने फॉर्म भरला. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. “अहो, तुमचा नवरा माझं दार फोडतोय! फॉर्मवर माझ्या घरचा पत्ता लिहिलात?”

 

“घाबरू नका साहेब, पाच खाती सोडली तर तो पत्ता कुणालाच ठाऊक नाही.”