काळ्या वाळूचं हाड

सकाळी अंगणात चक्क कासवीण शिरलेली पाहून सासूबाई हसल्या. “अगो बाई, किनारा खाली राहिला की तुझा!”

शाल्मलीने मात्र खेळणाऱ्या लेकीला, इराला, चटकन उचलून विहिरीपाशी नेलं. कासवीण वळली आणि तिकडेच सरपटत निघाली. शाल्मली धावत पडवीत आली, तशी तीही फिरली.

किनाऱ्यावरची काळी वाळू गावच्या कारखान्याने कधीच संपवली होती. त्याच वाळूतून काढलेल्या टायटॅनियमचं हाड गेल्या महिन्यात इराच्या मोडलेल्या मांडीत बसवलं होतं. आणि कासवीण अंडी घालायला आपल्या जन्माच्या वाळूतच परतते, हे शाल्मली कॉलेजात शिकली होती.

“आई, फाटक लावा!” ती किंचाळली.

सासूबाई फाटकाशी थिजून उभ्या होत्या. समुद्राकडून येणारा रस्ता कासविणींनी भरला होता, आणि एकूणएक मान इराकडे वळली होती.