किमतीच्या रकान्यात

क्लोविस आणि रॅन्सफर्ड हे सख्खे भाऊ सात वर्षांनी एकमेकांशेजारी बसले, तेही माझ्या टेबलासमोर. जमैकात वकिलाकडे खरेदीखतं टाइप करण्यात माझी दहा वर्षं गेली, पण इतकी हट्टी जोडी पाहिली नव्हती. आईची जमीन थोरल्या क्लोविसच्या नावावर होती आणि धाकट्याची नाळ तिथल्याच नीरफणसाच्या झाडाखाली पुरलेली, म्हणून त्याला ती हवी होती.

"फुकट नको," रॅन्सफर्ड गुरगुरला. "तुझे उपकार नकोत मला. पूर्ण किंमत मोजतो."

"उपकार कसले डोंबलाचे! विकली तर मला कर बसेल, बक्षीस दिली तर वाचेल. सरकारची धन करायची हौस आलीय का तुला?"

सरकारचं नाव निघताच रॅन्सफर्ड नरमला. किमतीच्या रकान्यात मी 'प्रेम आणि माया' टाइप केलं. बक्षीसपत्रात तसंच लिहायची पद्धत आहे. त्यानं सही ठोकली आणि तो बाहेर पडला.

मी क्लोविसला म्हटलं, "काका, बक्षीस दिलं तरी कर तेवढाच लागतो. बाजारभावावर. आणि तो देणाऱ्यानंच भरायचा."

त्यांनी खिशातून नोटांचं जाडजूड पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"ठाऊक आहे, पोरी. हळू बोल, तो अजून जिन्यातच असेल."