दाराबाहेरची खुर्ची

चिमट्याच्या टोकाला रक्त दिसलं तसा मुलीनं हात मागे घेतला. अंड्याच्या पापुद्र्यातली शीर अजून ओली होती. आणखी एक टवका काढला असता तर पिल्लू तिच्या हातातच गेलं असतं. आणि नाही काढला तरी ते जगेल असं दिसत नव्हतं. सकाळी चोचीनं कवचाला भोक पाडून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. दुपारपासून आवाज नाही. भोकातून चोचीचं टोक तेवढं दिसत होतं, तेही हलत नव्हतं.

चूक घरचीच होती. आईला स्मशानात नेलं त्या दिवशी घरात माणसांची रीघ लागलेली. अंडी उबवायच्या यंत्रातल्या ताटलीतलं पाणी आटलं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कोरड्या हवेनं कवचाखालचा पापुद्रा आवळत गेला आणि पिल्लं आतल्या आत जखडली. बाकीची अंडी मुलीनं एकेक करून कानाला लावली आणि एकेक करून बाजूला ठेवली. आता हे एकच उरलं होतं.

यंत्र आणलं होतं तेच आईसाठी. अर्धांगाचा झटका आला आणि आईनं तोंड मिटलं ते मिटलंच. प्रयत्न केला तर बोलणं परत येईल, असं डॉक्टर सांगून थकले. पण वाकड्या झालेल्या तोंडातून कसलेतरी आवाज काढायला ती तयार नव्हती. सगळ्या गल्लीची भांडणं एका शब्दात मिटवणारी बाई ती, तिला ते कसं सोसावं? शेवटी मुलीनं आईच्याच कोंबड्यांची अंडी यंत्रात घातली आणि यंत्र तिच्या उशाशी ठेवलं. जिवाला तेवढाच विरंगुळा.

आणि एक दिवस आई अंड्यांशी बोलायला लागली. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून बोलते ना, तसं. तीन बारके आवाज, मग दम घेऊन एक लांबलेला, शेवटी तिरका घसरणारा. "कुक्, कुक्, कुक्... कूऽऽक्." अंड्यांना काय, बोलणाऱ्याचं तोंड सरळ की वाकडं, सगळं सारखंच. मुलीचीही तिला लाज नव्हती. न्हाऊमाखू घालणाऱ्या पोरीपुढे कसली लाज! मुलगी चादर बदलता बदलता ऐकायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

वडील मात्र दोन-चार दिवस आत येऊन बसले, आणि मग खुर्ची उचलून दाराबाहेर गेले ते गेलेच. दिवसभर तिथंच, पेपर तोंडापुढे धरून. संध्याकाळपर्यंत एकच पान. त्यांचा उभा जन्म बसस्थानकावर माईकपुढे गेला होता. आई त्यांना भोंगा म्हणायची. गाडी वेळेवर येवो, रद्द होवो नाहीतर वाटेत उलटो, भोंग्याचा आवाज एकच. आई गेल्याचे फोनही त्यांनीच सगळ्यांना केले, त्याच आवाजात. "सकाळी गेली. दुपारी नेणार आहोत." पलीकडे माणसं हंबरडा फोडत होती आणि हे पुढचा नंबर लावत होते. ते मुलीच्या मनात तेव्हापासून काट्यासारखं सलत होतं.

"काय झालं?" वडिलांनी दारातून विचारलं.

"संपलं." मुलीनं चिमटा आपटला. "आईचं म्हणून एवढं एक राहिलं होतं, तेही गेलं. तुम्ही बसा पेपर वाचत. ती होती तेव्हा तरी कुठे आत येऊन बसलात तिच्याजवळ?"

वडील पेपर खुर्चीवर ठेवून आत आले. मागे आईच्या पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कुरकुरणारे गुडघे टेकून खाली बसले. कवचाच्या भोकाशी तोंड नेलं.

"कुक्, कुक्, कुक्... कूऽऽक्."

मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेच तीन, तोच मधला दम. शेवटचा आवाज आईचा जिथे घसरायचा तिथेच घसरला होता. वडिलांनी तोंडसुद्धा तसंच वाकडं केलं होतं.

ते पुन्हा बोलले. पुन्हा थांबले. मग आतून, आहे की नाही असं वाटावं इतकं बारीक उत्तर आलं, "चिव."

मुलगी कोमट पाण्याचा कापूस पिळून पापुद्रा ओला करत राहिली. वडील बोलावत राहिले. शिरा हळूहळू सुकल्या. चोच हलली, कवचाला चीर गेली, पुन्हा सगळं थांबलं, पुन्हा वडिलांनी बोलावलं. उन्हं उतरता उतरता कवचाचं टोपण उडालं आणि ओलंचिंब, काडीच्या पायांचं पिल्लू बाहेर पडलं. त्याला मान धरवत नव्हती. तरी ते घसटत घसटत आवाजाच्या दिशेनं निघालं, वडिलांच्या तळहातावर चढलं आणि अंगठ्याखाली डोकं खुपसून गप्प झालं. इतके दिवस कवचाबाहेरून जी बोलत होती ती हीच, अशी त्याची खात्री पटली होती.

मुलीला राहवेना. "बाबा, हा आवाज तुम्हाला कसा येतो?"

वडिलांनी घसा खाकरला. कुठल्याच बातमीला कधी न हललेला तो आवाज बाहेर आला तो फुटूनच आला.

"मी आत आलो की ती गप्प व्हायची, पोरी. म्हणून बाहेर बसायचो."