थेंबाची जागा

मोरीतल्या नळाचा थेंब वर्षानुवर्षं एकाच जागी पडून शहाबादी फरशीत वाटीएवढा खळगा झाला होता. त्यात शेवाळ धरायचं. बाळाला आंघोळ घालताना पाय घसरेल म्हणून मी नवी फरशी बसवून घेतली.

"अगो मनाली, जुनी काढायची नव्हतीस," मालीशवाल्या जाईबाई म्हणाल्या. "त्या थेंबाला जागा लागते."

मी हसले. नळही बदलला.

तरी थेंब वाजतोच. टप्. फरशी मात्र कोरडी.

आज सम्यकची टाळू तेलाने भरता भरता जाईबाईंचा हात थांबला. "ही कालच्यापेक्षा खोल लागते गो."

मी त्याला उचलून छातीशी धरलं आणि मोरीपासून लांब, थेट गॅलरीत आले.

टप्.

त्याच्या टाळूवरच्या तेलात बारीकसं वर्तुळ उमटलं.