तळवे पुढे

शरीररचना शिकवणारे सर चुकलेल्याला वर्गासमोर उभं करायचे. पाय जुळवून, हात बाजूला सोडून, तळवे पुढे. पुस्तकातला माणूस असाच उभा असतो. त्या दिवशी पाळी एका अडखळत बोलणाऱ्या मुलीची होती. समोरच्या प्रेताची डावी बाजू दाखवताना तिनं आपल्या डावीकडे बोट केलं होतं.

"डावं म्हणजे त्याचं डावं, तुझं नव्हे. आता तास संपेपर्यंत हलायचं नाही. प्रेत हलतं का?"

वर्ग खो खो हसला.

तास संपल्यावर ती निघाली, तीही तळवे तसेच पुढे ठेवून. "नाटकी," सर पुटपुटले.

फाटकावरचा रखवालदार तसाच उभा होता. बसथांब्यावरची माणसंही तशीच. त्यांच्या पिशव्या पायाशी पडल्या होत्या. सरांनी खाली मान घालून झपझप घर गाठलं.

दाराच्या लॅचला लावताना किल्ली हातातून निसटली. तळवा आपोआप पुढे वळला होता. जोर लावून फिरवला, तरी पुन्हा तिथंच.

आवाज ऐकून बायकोनं दार उघडलं. तिचे हात नेहमीसारखेच होते. सरांचा जीव भांड्यात पडला.

"दमलात. जरा आडवे व्हा."

ते पलंगावर उताणे झाले. पाय आपसूक जुळले. लेक स्वयंपाकघरातली सुरी पुसत आली आणि तिनं त्यांच्या शर्टाची बटणं काढली.

"आई, डावं म्हणजे बाबांचं डावं ना?"

"त्यांचंच," बायको म्हणाली. "आणि अहो, हलायचं नाही."