बिनमिठाचं पातेलं

बाजार उठताना स्वस्तात मिळालेल्या भाज्या सगळ्यांनी मिळून चिरल्या आणि आठवडाभराचा रस्सा एकदमच मोठ्या पातेल्यात शिजवला. चव घेताच सुनेचा चेहरा पडला. "अहो, मीठ कोणी घातलं?" "मी," मुलगा म्हणाला. "मीपण," नात पुटपुटली. "आणि मीही! आता आठवडाभर डब्यात काय न्यायचं?" सुनेचे डोळे भरून आले. माझं महिनाभर अळणी खायचं व्रत, म्हणून माझ्या वाटणीचा रस्सा शेजारच्या पातेल्यात बिनमिठाचा शिजला होता. मी तो मोठ्या पातेल्यात ओतला, ढवळून चमचा तिच्यापुढे धरला. "आई, जमलं! पण तुम्ही काय खाणार?" "बघेल की देव," मी म्हणाले. डबे भरले. मी पातेली घासून आले, तर नात बशी घेऊन उभी. बशीत उकडलेला बटाटा होता. "आजी, खा. मी पहारा दिलाय, कोणालाही मीठ घालू दिलं नाही."